आधी झुलव, मग उडव

वाचकाचा प्रश्न: पत्र लिहिणारा सातारा जिल्ह्यातला, १९ वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तो दोन महिने 'आयन लिफ्टर', म्हणजे जास्त व्होल्टेजने हवा खाली ढकलून वर उचलली जाणारी हलकी चौकट, बनवतो आहे. आइस्क्रीमच्या काड्यांची तिकोनी चौकट, खाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, वर बारीक तार, आणि वीज भंगारात मिळालेल्या २१ इंची रंगीत टीव्हीच्या ईएचटीची, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या भागाची. पिक्चर ट्यूब अजून जोडलेलीच आहे. अंधारात निळसर उजेड दिसतो, सूंऽऽ असा आवाज येतो, पण लिफ्टर उचलत नाही. मागच्या आठवड्यात बटण बंद केल्यावर अर्ध्या मिनिटाने त्याने तार सारखी करायला हात घातला आणि शॉक बसून तो मागच्या लोखंडी कॉटवर आपटला. हात दोन दिवस बधिर होता. घरी सांगितलेलं नाही, कारण वडिलांना कळलं तर सगळं भंगारात जाईल. धाकटी बहीण शेजारी उभी राहून व्हिडिओ काढते. ताकद कमी पडते असं वाटून आता तो मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणणार आहे. कॉलेजच्या प्रदर्शनात त्याला हे 'गुरुत्वाकर्षणावर मात' या नावाने मांडायचं आहे. तो विचारतो: लिफ्टर उडेल कसा, आणि घरी सांगू का?

उत्तर:

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी त्यावरची तारीख पाहिली. शॉक बसून आठ दिवस होऊन गेले आणि तू अजून डॉक्टरांकडे गेलेला नाहीस. तेव्हा लिफ्टर क्षणभर बाजूला ठेवू. उद्या सकाळी दवाखान्यात जा, शॉक कशाचा होता आणि हात किती वेळ बधिर होता ते खरंखरं सांग आणि ईसीजी काढून घे. छातीत धडधड, चक्कर, बोटांना मुंग्या, यातलं काही आजही होत असेल तर उद्याचीही वाट पाहू नकोस. वीज हातातून शिरून दुसऱ्या हाताने किंवा पायाने बाहेर पडते तेव्हा तिचा रस्ता छातीतून जातो. बहुतेक सगळं ठीकच निघेल, पण ते कागदावर दिसू दे.

आता तो शॉक. तू लिहितोस, "बटण तर बंद होतं, मग करंट आला कुठून?" तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला हेच वाटलं. डास मारायची बॅट बंद केल्यावरही जाळीला बोट लागलं की चटका बसतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आतला वीज साठवणारा कंडेन्सर भरलेला असतो म्हणून तसं होतं. तुझ्या खोलीत त्या बॅटपेक्षा कितीतरी मोठा कंडेन्सर आहे, आणि तो तू कंडेन्सर म्हणून ओळखला नाहीस. पिक्चर ट्यूब स्वतःच एक कंडेन्सर असते. तिच्या काचेला आतून आणि बाहेरून वाहक लेप असतो आणि मधली काच इन्सुलेटरचं काम करते. साधारण २५ किलोव्होल्टला ती भरली की अर्धा ज्यूल किंवा थोडी जास्त ऊर्जा धरून ठेवते. तेवढ्याने सहसा जीव जात नाही. पण हात असा झटकतो की माणूस मागे जे असेल त्यावर आपटतो. तुझ्या मागे लोखंडी कॉट होती. गच्चीचा कठडा असता तर?

याहून वाईट गोष्ट त्याच बोर्डावर, ईएचटीपासून वीतभर अंतरावर बसली आहे. रंगीत टीव्हीचा पॉवर सप्लाय २३० व्होल्टचं सरळ डीसी करतो, सुमारे ३२५ व्होल्ट. तिथला तो जाडजूड मेन फिल्टर कंडेन्सर २२० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात ११ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा साठते, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या जवळजवळ वीसपट. शिवाय बोर्डाचा तो भाग लाइनपासून वेगळा केलेलाच नसतो. जुने टीव्ही मेकॅनिक त्याला 'हॉट साइड' म्हणतात, आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि सिरीज बल्ब लावल्याशिवाय तिथे हात घालत नाहीत. तू इतके दिवस २५ हजार व्होल्टला घाबरत होतास आणि ३२५ व्होल्टच्या शेजारी मांडी घालून बसला होतास.

"व्होल्टेज जास्त असलं तरी करंट कमी, म्हणून काही होत नाही," असं तू दोन ठिकाणी लिहिलं आहेस. हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. सतत वाहणारा करंट खरोखरच कमी असेल, एक-दोन मिलिअँपिअरच्या आत, तर तुझं म्हणणं बरोबर. पण तो 'असेल' कुणी मोजला? साध्या मल्टीमीटरने तर नाहीच. तो फार तर १००० व्होल्टसाठी बनवलेला असतो, त्यापुढे ठिणगी त्याच्या आतून तुझ्या हातापर्यंत येते. त्यासाठी वेगळा ईएचटी प्रोब लागतो. आणि साठलेला चार्ज एका झटक्यात रिकामा होतो तेव्हा 'करंट कमी' हा हिशेब लागूच पडत नाही.

ईएलसीबीवरही, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचवरही, तू विसंबलेला दिसतोस. मी २६ वर्षं पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काढली. दरवर्षी निदान एक मुलगा मला सांगायचा, "मॅडम, ईएलसीबी आहे ना." ते यंत्र फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक पाहतं. ३० मिलिअँपिअर जमिनीत गळले की ते पडतं. पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ईएचटीच्या दोन टोकांमध्ये तू सापडलास तर ते शांत बसून राहील. पायातली रबरी चप्पल, घरातले रबरी हातमोजे, पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर यांचंही तेच. चांगल्या इन्सुलेटेड स्क्रू-ड्रायव्हरवर १००० व्होल्ट लिहिलेलं असतं. तुझं काम त्याच्या पंचवीसपट आहे.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणू नकोस. इथे मी पर्याय देत नाही. तो सुमारे २००० व्होल्ट देतो, पण करंट शेकडो मिलिअँपिअर देऊ शकतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास ५० हर्ट्झचा करंट हाताचे स्नायू आवळून ठेवतो, सोडवता येत नाही, आणि त्याच्या काही पटीत हृदयाची लय बिघडते. याच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळण्याच्या नादात परदेशात अनेकांनी जीव गमावले. शॉक देऊन सोडून देणारी ही वस्तू नाही. आणि जीव धोक्यात घालूनही तुझा लिफ्टर उडणार नाहीच. बारीक तार आणि फॉइल यांच्यात ३ सेंटिमीटर अंतर असताना २००० व्होल्टला निळा उजेडसुद्धा दिसायचा नाही. हवेचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होण्यासाठी तारेजवळ जेवढा विद्युतक्षेत्राचा ताण लागतो तेवढा तो निर्माणच करू शकत नाही. तुला हवेत व्होल्ट, आणि तू विकत घेणार आहेस अँपिअर.

मग अडलंय कुठे? तुझ्या पत्रातच उत्तर आहे: आइस्क्रीमच्या काड्या, बारा. एक काडी सव्वा ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे नुसती चौकट १५ ग्रॅम. त्यावर फॉइल, टेप, तार. लिफ्टरच्या जोराचा अंदाज एका सोप्या सूत्राने काढता येतो: करंटला तार आणि फॉइलमधल्या अंतराने गुणायचं आणि हवेतल्या आयनांच्या मोबिलिटीने, म्हणजे विद्युतक्षेत्रात ते किती झपाट्याने सरकतात त्या आकड्याने, भागायचं. मोबिलिटी धर ०.०००२ चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद. १ मिलिअँपिअर आणि ३ सेंटिमीटर घेतले तर जोर येतो ०.१५ न्यूटन, साधारण १५ ग्रॅम. हा झाला आदर्श हिशेब, प्रत्यक्षात हाती त्याहून कमीच लागतं. तुझा लिफ्टर १७-१८ ग्रॅमचा आहे. तो उचलणार कसा?

आता उलट बाजूने बघ. घरगुती फॉइल ११ मायक्रॉनची असेल तर २० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद अशा तीन पट्ट्यांचं वजन पाऊण ग्रॅमही भरत नाही. विमानांची मॉडेल करणारे जे बाल्सा लाकूड वापरतात त्याच्या २ मिलिमीटर जाडीच्या काड्या घेतल्यास तर अख्खा लिफ्टर दोन-अडीच ग्रॅममध्ये बसतो, आणि त्याला करंट सहा-सात पटींनी कमी पुरतो. तू दोन महिने ताकद वाढवायचा विचार करत होतास, आणि उत्तर किराणा दुकानातल्या तराजूत होतं.

बाकी बारीकसारीक. वाइंडिंगची तार वापरली असशील तर तिच्यावर एनॅमल असतं, ते खरवडून काढ. फॉइलची वरची कड गोल दुमडून घे. चुरगळलेल्या टोकदार कडेवरून ठिणग्या पडतात आणि ठिणगी पडली की व्होल्टेज बसतं. पावसाळ्यात ओलसर लाकडावरून वीज गळते, म्हणून तुझा जुलै-ऑगस्ट वाया गेला यात तुझी चूक नाही. हे सगळं मी सांगते आहे ते या टीव्हीवर करून बघायला मात्र नाही.

हा बोर्ड आता बंद कर. प्लग काढ, एक रात्र जाऊ दे, आणि ज्याच्या हाताखालून आयुष्यभर असे टीव्ही गेले आहेत अशा मेकॅनिकला बोलावून ट्यूब आणि कंडेन्सर डिस्चार्ज करून घे. अ‍ॅनोड कॅपखाली, म्हणजे ट्यूबवरच्या त्या रबरी टोपीखाली, तू स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घालू नकोस. डिस्चार्ज केलेल्या कंडेन्सरवरही थोड्या वेळाने पुन्हा काही चार्ज येऊन बसतो. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी हे माझ्या हाताने शिकले. दोन मिनिटांपूर्वी मीच शॉर्ट करून टेबलावर ठेवलेला कंडेन्सर मी उचलला, आणि कोपर मागच्या भिंतीवर इतकं आपटलं की महिनाभर फळ्यावर वरपर्यंत लिहिता येत नव्हतं. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये कंडेन्सर कपाटातसुद्धा दोन्ही टोकं तारेने बांधून ठेवले जायचे.

पुढचं काम कॉलेजमध्ये कर. तुमच्या किंवा जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रिकल विभागात करंट लिमिट असलेला हाय व्होल्टेज सप्लाय आहे का ते विभागप्रमुखांना विचार. पुढच्या वर्षी तुला कॅपस्टोन प्रोजेक्ट, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, करायचाच आहे, तो हाच कर, म्हणजे मार्गदर्शक, जागा आणि वेळ तिन्ही मिळतील. आणि तिथे गेल्यावर लगेच उडवायला जाऊ नकोस. आधी झुलव.

लिफ्टर आडवा करून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने, म्हणजे मासे धरायच्या गळाच्या दोऱ्याने, लंबकासारखा टांग. तार एका बाजूला, फॉइल दुसऱ्या बाजूला. व्होल्टेज हळूहळू वाढवलंस की तो तारेच्या दिशेने सरकेल. दोरा एक मीटरचा असेल, लिफ्टर चार ग्रॅमचा असेल आणि तो १० सेंटिमीटर सरकला, तर जोर साधारण ०.४ ग्रॅम. उडायला चार ग्रॅम लागतात, हलायला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. त्यामुळे कितीतरी कमी व्होल्टेजवर, हात लांब ठेवून, तुला आकडे मिळायला लागतात. मागे मोजपट्टी लाव, मोबाइल लांब स्टँडवर ठेव. मग लिफ्टरची तोंडं उलट कर. दिशा बदलली तर तो खरा जोर. दोन्ही वेळा एकाच भिंतीकडे गेला तर ती नुसती भिंतीची ओढ आहे, म्हणून चारही बाजूंना मीटरभर जागा मोकळी सोड. पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण टोकं, बदलून बघ, लिफ्टर तरीही तारेकडेच जातो. असे दहा-बारा आकडे वहीत असतील तर उडणाऱ्या लिफ्टरच्या व्हिडिओपेक्षा परीक्षकांना ते जास्त आवडतील. मी परीक्षक म्हणून बसले आहे, म्हणून सांगते.

मग उडव. खालच्या तीन कोपऱ्यांना दोरे बांधून, म्हणजे सुटून कुणाच्या अंगावर जाणार नाही. फॉइल सप्लायच्या अर्थ केलेल्या टोकाला, तार हाय व्होल्टेजला. सप्लायच्या दोन टोकांमध्ये कायमचा ब्लीडर रेझिस्टर असू दे. १००० मेगाओमचा असला तर ३० किलोव्होल्टला त्यातून फक्त ३० मायक्रोअँपिअर जातात, पण बंद केल्यावर काही सेकंदांत साठलेला चार्ज उतरतो. साधा एक रेझिस्टर एवढं व्होल्टेज सहन करत नाही, त्यासाठीचा खास घ्यावा लागतो किंवा बरेच एकापुढे एक जोडावे लागतात. ब्लीडर तुटलेलाही असू शकतो, म्हणून त्याच्यावरही विश्वास ठेवायचा नाही. त्यासाठी डिस्चार्जची काठी कर: मीटरभर पीव्हीसी पाइपच्या टोकाला तांब्याचा आकडा, आकड्यापासून जाड तार अर्थला. बंद केलं, प्लग उपसला, दहापर्यंत मोजलं, काठीचा आकडा तारेला अडकवला, आणि हात आत असेपर्यंत आकडा तिथेच लटकत ठेवला. काम एका हाताने, दुसरा खिशात. तुझा मागचा शॉक या एका सवयीने टळला असता.

चालू-बंद करायचं बटण दाबून धरायचं असू दे, दारावरच्या बेलसारखं, आणि ते सप्लायच्या कमी व्होल्टेजच्या बाजूला, टेबलापासून दोन-तीन मीटरवर. बोट सुटलं की सगळं बंद. एका वेळी मिनिटभरच चालव. तो जो जुन्या झेरॉक्सच्या दुकानात यायचा तसा वास येतो तो ओझोनचा, छातीला वाईट, म्हणून खिडक्या उघड्या. पत्र्याच्या खोलीत पुन्हा नको, तिथे जिकडे हात टेकशील तिकडे धातू आहे. थिनर, डिओचा कॅन, ओला गोंद जवळ नको. पेसमेकर असलेलं माणूस त्या खोलीत नको. आणि गंमत म्हणूनसुद्धा ही वीज एखाद्या जुन्या व्हॅक्यूम ट्यूबला जोडू नकोस, निर्वात नळीत एवढ्या व्होल्टेजला क्ष-किरण तयार होऊ शकतात.

'गुरुत्वाकर्षणावर मात' हे नाव काढून टाक. तुला ते का भावलं हे मला समजतं. थॉमस टाउनसेंड ब्राउन नावाच्या अमेरिकन माणसालाही हेच वाटलं होतं. विजेने गुरुत्वाकर्षणावर परिणाम होतो या समजुतीने त्याने १९२८ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंट मिळवलं आणि पुढे आयुष्यभर त्या मागे राहिला. पण तुझा आडवा टांगलेला लिफ्टर आडवाच सरकतो. गुरुत्वाकर्षणाशी काही संबंध असता तर तो आडवा का जाईल? तारेजवळ हवेचे आयन होतात, फॉइलकडे धावतात, वाटेत साध्या रेणूंना धक्के देतात, हवा एका बाजूला ढकलली जाते आणि लिफ्टर दुसऱ्या बाजूला. हवा काढून टाकली की हे ढकलणं संपलं. उदबत्ती लांब स्टँडवर लावून ठेव, धूर कुठे ओढला जातो ते डोळ्यांनी दिसेल.

आणि हे खरं कारण त्या नावापेक्षा कमी सुंदर नाही. २०१८ मध्ये एमआयटीच्या स्टीव्हन बॅरेट यांच्या गटाने याच तत्त्वावर पंखा, पाती, फिरणारा एकही भाग नसलेलं विमान उडवलं. पंखांची रुंदी ५ मीटर, वजन २.४५ किलो, व्होल्टेज ४० हजार. बॅटरी आणि व्होल्टेज वाढवणारं सर्किट विमानातच होतं आणि ते बंदिस्त हॉलमध्ये ६० मीटर गेलं. त्यांनीही ग्रॅम-ग्रॅम वाचवतच ते उडवलं.

आता घरचं. तू धरून चालला आहेस की वडिलांना कळलं की सगळं भंगारात जाणार. जाईलही. पण त्यांना सांगायला जाताना तुझ्या हातात काय असेल त्यावर बरंच ठरतं. आज सांगशील तर तुझ्याकडे एक शॉक आणि एक लपवलेली गोष्ट एवढंच आहे. टीव्ही बंद करून, ईसीजीचा कागद घेऊन आणि विभागप्रमुखांशी बोलून गेलास तर बोलणं वेगळं होईल. चार दिवस पुरे, त्याहून जास्त लांबवू नकोस. आणि त्यांना एक काम दे: लॅबमध्ये पहिली चाचणी होईल तेव्हा ते दाबून धरायचं बटण त्यांच्या हातात दे. त्यांना सर्किट कळायची गरज नाही. मुलगा वाकला की बोट सोडायचं, एवढं कुठल्याही बापाला न सांगता येतं.

बहिणीचं मात्र आजच. तिला तू कधी "मागे हो" म्हटल्याचं पत्रात कुठे नाही. तुला शॉक बसून तू पडला असतास तर ती आधी तुला धरायला धावली असती. तिला शिकव की शॉक लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, मेन स्विच पाडायचा, मग मोठ्यांना हाक मारायची आणि १०८ ला फोन करायचा. श्वास थांबलेला दिसला तर छातीवर दाब देणं कुणाला तरी आलं पाहिजे. ते तू आणि तुझे मित्र कॉलेजात शिकून घ्या.

ज्यांच्या घरात असं एखादं मूल आहे त्या आईवडिलांनाही सांगायचं आहे. तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स येत नसेल तरी हरकत नाही. मुलाला विचारा, बंद केल्यावर आतली वीज जाते कुठे? त्याने वर सांगितलेली डिस्चार्जची काठी आणून दाखवली तर शेजारी खुर्ची टाकून बसा. "आपोआप जाते" म्हणाला तर प्लग तुमच्या खिशात ठेवा आणि त्याला कॉलेजच्या लॅबपर्यंत घेऊन जा. पुण्यातली आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका किंवा मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांना 'आमच्या मुलाला याची आवड आहे' असं पत्र लिहायलाही काही हरकत नाही. सामान भंगारात टाकलंत तर तो दुसरं आणेल, आणि ते कुठे ठेवलंय हे तुम्हाला कळणार नाही.

ईसीजीचं काय झालं ते मला कळव. आणि नवा लिफ्टर केलास की आधी तोलून बघ, सोनाराकडे काटा असतो, तो देईल तोलून. किती ग्रॅम भरला ते पत्रात लिही.